वेटसूट घालूनही अर्ध्या तासात काकडायला होतं? आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा

गोव्यात, मुळकीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला सर्फिंग शिकून नोकरीनिमित्त उत्तर कॅलिफोर्नियात आलेल्यांची तक्रार एकाच साच्यातली असते. दुकानात सांगितला तो ४/३ चा (धडाला ४, हातापायांना ३ मिलिमीटर जाड रबराचा) वेटसूट घेतला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पॅसिफिकाला लिंडा मारच्या किनाऱ्यावर गेलो, पहिली वीस मिनिटं बरी गेली, मग बोटं ऐकेनाशी झाली, दातावर दात आपटायला लागले आणि अर्ध्या तासात बाहेर. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, जाड सूट घे. आणखी दोन-तीनशे डॉलर घालून ५/४ येतो. त्यात थंडी जरा कमी वाजते, पण बोर्डावर पालथं पडून हातांनी पॅडल मारून मारून खांदे भरून येतात आणि दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने गडी पुन्हा वाळूवर.

माझं मत स्पष्ट आहे: जाडी हा शेवटचा उपाय. इथल्या पाण्याला ४/३ बहुतेकांना बहुतेक महिने पुरतो. गारठायला होतं ते त्या सूटमधून पाणी सतत ये-जा करत असतं म्हणून. शिवाय ‘थंडी वाजते’ या दोन शब्दांत आपण चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आणि चारही गोष्टींवर एकच औषध शोधत बसतो.

पाणी इतकं गार, तेही उन्हाळ्यात?

गोव्यात आश्वे-मांद्र्याला समुद्राचं पाणी वर्षातला बहुतेक काळ २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथे आपण रॅश व्हेस्ट (लायक्राचा पातळ, तंग सदरा) घालतो ती उन्हासाठी आणि बोर्डाने पोट सोलवटू नये म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याला पाणी साधारण १० ते १५ अंशांत खेळतं आणि त्याचा कॅलेंडरशी असलेला संबंध आपल्या अंदाजाच्या उलटा आहे. सगळ्यात गार पाणी लागतं ते एप्रिल ते जूनमध्ये. त्या दिवसांत किनाऱ्यालगत वायव्येचा वारा जोरात वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या थराचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. हीच प्रक्रिया पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालाही घडते आणि तारली-बांगड्यांचं पीक बऱ्याच अंशी तिच्यावरच पोसतं. इथे ती आपल्याला हुडहुडी भरवते, एवढाच फरक. सप्टेंबर-ऑक्टोबरात हा वारा पडतो, धुकं विरतं आणि पाणी वर्षातलं सगळ्यात सुसह्य होतं. तेव्हा जूनमध्ये येऊन दाखल झालेल्याने ‘उन्हाळा आहे, आत्ताच सवय करून घेऊ’ असं म्हणू नये. दोन-तीन महिने किनारा नुसता पाहावा, पोहण्याच्या तलावात खांदे तयार करावेत आणि सप्टेंबरात बोर्ड काढावा.

जागाही बदलून पाहा. सांताक्रूझ माँटेरेच्या उपसागराच्या उत्तर टोकाला, वायव्येच्या वाऱ्यापासून बऱ्यापैकी आडोशाला आहे. तिथलं पाणी पॅसिफिकापेक्षा अनेकदा अंश-दोन अंश उबदार मिळतं आणि तिथल्या कावल्स किनाऱ्याची लाट नवशिक्याला माफ करणारी आहे. साउथ बेमधल्यांना, म्हणजे सॅन होजेच्या बाजूला राहणाऱ्यांना, हायवे १७ चा घाट उतरला की झालं. सॅन फ्रान्सिस्कोचा ओशन बीच मात्र सध्या विसरा. तिथल्या ओढीच्या प्रवाहांपुढे गारठलेले हात चालत नाहीत.

वेळ सकाळची धरा. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथेही लागू पडतात. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा लाट तर बिघडवतोच, शिवाय ओल्या सूटवरून वाहताना अंगातली ऊब ओढून नेतो. लाटेची वाट पाहत बोर्डावर बसल्याबसल्या गारठणाऱ्यांचा खरा शत्रू पाण्याइतकाच हा वारा असतो. काही सूटांवर छाती-पाठीला कापडाऐवजी गुळगुळीत रबर असतं, ते याचसाठी. त्यावर पाणी धरून राहत नाही, त्यामुळे वाऱ्याने होणारं गार होणं कमी होतं.

कुठली थंडी? आधी तेवढं ठरवा

पाण्यात शिरल्याशिरल्या श्वास अडकतो, छातीत धडधडतं, तोंड आपोआप उघडतं. ही पहिली. १५ अंशांखालच्या पाण्यात त्वचा अचानक गार पडली की शरीराची ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती सर्वांत तीव्र असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. याने शरीराचं आतलं तापमान अजून तिळभरही उतरलेलं नसतं. धोका असतो तो नेमक्या त्या क्षणी तोंडावर लाट येण्याचा. उपाय अगदी साधा आहे. कमरेएवढ्या पाण्यात थांबा, तोंडावर-मानेवर पाणी मारा, श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, लांब सोडा. श्वास ताब्यात आल्याशिवाय पहिली फेसाळ लाट ओलांडायची नाही.

या पहिल्या थंडीची सवय होते, आणि फार लवकर होते. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांची पाच-सहा स्नानं केली तरी श्वास अडकण्याची ती क्रिया जवळपास निम्म्यावर येते, असं पोर्ट्‌स्मथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांच्या गटाच्या कामातून दिसलं आहे. घरी गार शॉवर घेणाऱ्यांना त्याचा फायदा होतो तो इथे. पण गल्लत इथेच होते. शिरताना त्रास होत नाही, म्हणजे मी थंडीला सरावलो, असं वाटून माणूस जास्त वेळ आत राहतो. उष्णता गमावण्याचा वेग त्या सरावाने फारसा बदलत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि ते तुमच्या मनोधैर्याला विचारत नाही.

दुसरी थंडी हातापायांची. शरीर मधल्या अवयवांना ऊब राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं. बोटं वाकडी होऊन बसतात आणि पॅडल मारताना पंजा मिटत नाही. तिसरी हळूहळू पाठीतून, बरगड्यांतून चढत येते आणि हुडहुडीवर जाते. चौथी बाहेर आल्यानंतरची आहे. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण ती लोकांना चकवते.

तुमचा श्वास अडकत असेल तर नवा सूट घेऊन उपयोग नाही. बोटंच वाकडी होत असतील आणि धड उबदार असेल, तरी नाही. पण वीस मिनिटांत पाठ-पोट गार पडत असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

पाणी आत शिरतंय: खरा रोग हाच

वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि शरीराने ते पाणी तापवल्याने ऊब मिळते, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. ऊब राखतात ते निओप्रीनच्या रबरात अडकलेले वायूचे असंख्य बुडबुडे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ओळखलं. माणूस कोरडा ठेवायची गरज नाही, बुडबुड्यांचं आवरण अंगाला चिकटून असलं म्हणजे झालं. याच सुमारास, १९५२ मध्ये, जॅक ओ’नील यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सर्फचं दुकान काढलं आणि पुढे ते सांताक्रूझला गेले. म्हणजे आपण आज जो सूट ओढून-ताणून चढवतो, तो याच पाण्याला कंटाळलेल्या माणसांनी घडवला. (त्याआधी १८८५ मध्ये तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझला सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्यांवर सर्फिंग केलं होतं, सूटबिट काही नसताना. त्यांना माझा नमस्कार.)

कातडी आणि सूट यांच्यामधलं पाणी जागच्या जागी थांबलं तर ते निरुपद्रवी. ते वाहायला लागलं, म्हणजे प्रत्येक लाटेसरशी जुनं बाहेर आणि नवं गार आत, की मग ५ मिलिमीटर काय आणि ६ काय. डक डाइव्ह मारताना, म्हणजे बोर्ड दाबून लाटेखालून बुडी घेताना, पाठीवर कोणी गार पाण्याचा तांब्या उपडा केल्यासारखं होत असेल, तर निदान झालं. जाडी मोजत बसू नका.

आता ते शिरतं कुठून? पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष ठेवा. पाणी पहिल्यांदा कुठे जाणवलं ते बाहेर येताक्षणी फोनवर बोलून ठेवा, कारण घरी पोचेपर्यंत सगळीकडूनच शिरत होतं असं वाटायला लागतं.

गळ्यातून पाठीवर येत असेल तर गळा सैल आहे. पाठीवर चेन असलेल्या सूटमध्ये चेनच्या आतला पडदा नीट बसवला नाही तरी हेच होतं. हा पडदा मानेमागे सपाट, घडी न पडता बसायला हवा. लांब केस आत अडकले तर तेवढ्या फटीतूनही धार येते. छातीवर चेन असलेला सूट घालायला छळतो, पण गळ्याची फट कमी असते. परवडत असेल तर तोच घ्या असं मी सांगेन. गळा थोडासाच सैल असेल, तर डोक्याच्या टोपीसह येणारी निओप्रीनची पातळ बंडी सूटच्या आत घालायची. दुकानात तिला हुडेड व्हेस्ट म्हणतात. गळा बंद होतो, छातीला एक थर वाढतो आणि खांदे मोकळे राहतात. जाड सूटपेक्षा तिला पैसे कमी लागतात आणि फरक जास्त पडतो.

कमरेच्या खोलगट भागात पाणी साचत असेल तर माप चुकलंय. आपल्याकडच्या अनेकांचं इथे बिनसतं. इथली मापं लांब हातापायांच्या माणसांना धरून कापलेली असतात. पोटाला बसतो म्हणून लार्ज घेतला, तर मनगटाशी आणि पाठीत तो फुगतो. पुरुषांच्या सूटांत मीडियम शॉर्ट, लार्ज शॉर्ट अशी मापं मिळतात, ती मागा. दुकानात नेहमी ठेवलेली नसली तरी मागवून देतात. घालून पाहताना खाली बसा, दोन्ही हात वर करा, पॅडल मारल्यासारखे फिरवा. काखेत, जांघेत, पाठीच्या कण्याशी हवेची पोकळी राहायला नको. कोरड्यात सूट ‘आरामशीर’ वाटला तर तो ओला झाल्यावर सैल होणार. गळ्याशी किंचित गुदमरल्यासारखं वाटणं पहिल्या काही वेळा ठीक आहे. चक्कर आली तर मात्र नको.

शिवणीतून पाणी येत असेल तर शिवण कसली आहे ते पाहा. स्वस्त सूटांत फ्लॅटलॉक शिवण असते. आतून-बाहेरून सारखीच रुंद टाके दिसणारी, सुई आरपार गेलेली. ती कोमट पाण्यासाठीच आहे. इथे चिकटवून मग अर्ध्याच जाडीत टाका घेतलेली शिवण लागते. लेबलवर तिचा उल्लेख जीबीएस (ग्लूड अँड ब्लाइंड-स्टिच्ड) असा असतो. आतून शिवणीवर रबराची पट्टी असेल तर उत्तमच.

जुन्या सूटाला भोक आहे का, हे पाहायला बाथटब पुरतो. सूट उलटा करा, पायाचं टोक मुठीत घट्ट धरा, त्यात पाणी भरा आणि वरून पिळत आणा. जिथून थेंब फुटेल तिथे खडूने खूण करा. मग तसाच हात, तसंच धड. पूर्ण वाळवून निओप्रीनच्या गोंदाचे दोन पातळ थर लावायचे, पहिला सुकल्यावर दुसरा. एक जाड थर लावला तर तो ताणाखाली सुटतो. नखाने पडलेल्या अर्धचंद्राकृती चिरा हा नेहमीचा प्रकार आहे. सूट ओढताना नखं वापरू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरा.

आणि आत टी-शर्ट घालू नका. गोव्याहून आणलेली रॅश व्हेस्ट आत घालून ‘एक थर वाढला’ असं समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. सुती कपडा पाणी धरतो, गोळा होतो आणि सूट अंगापासून उचलतो, म्हणजे नेमकी नको ती पोकळी तयार करतो. लायक्राची व्हेस्ट काचण्यापासून वाचवते, बाकी ऊब नावापुरती. अंगाला खोबरेल तेल चोपडण्याचा सल्लाही ऐकला आहे. त्या थराने ऊब काही राहत नाही, हात मात्र बोर्डावरून सटकतात.

सूट घातला की खांदे का भरून येतात?

खांद्याची तक्रार बहुतेक वेळा जांघेत सुरू होते. सूटचा खालचा भाग पुरता वर ओढलेला नसतो, जांघेशी चार बोटं पोकळी राहते आणि तेवढं कापड मग खांद्यांवरून खाली खेचलं जातं. प्रत्येक पॅडलला तुम्ही पाण्याबरोबर सूटशीही झगडता. घालताना क्रम असा ठेवा: पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून पाय आत सारा, पोटरी, गुडघा, मांडी असं थोडं थोडं वर आणा, जांघेत पूर्ण बसेपर्यंत कमरेच्या वर जाऊच नका. हातांचंही तसंच. मनगटापासून जादा कापड काखेकडे सरकवत न्या म्हणजे खांद्यावर ढिलाई मिळते.

एवढं करूनही थकायला होत असेल तर बोर्डाकडे पाहा. सूट, बूट आणि त्यात धरलेलं पाणी यांचं वजन असतं, हालचाल जड होते. गोव्यात चालणारा बोर्ड इथे अपुरा वाटतो तो याच कारणाने. पहिल्या हिवाळ्यात लांबीला अर्धा-एक फूट मोठा आणि जरा जाड बोर्ड घ्या. लाट लवकर मिळते, पॅडल कमी लागतं. तरुण मुलांना हे ऐकायला आवडत नाही.

हात, पाय, डोकं, कान

बूट ३ मिलिमीटरचे पुरतात. सूटचा पाय बुटाच्या वरून यायला हवा. उलटं केलं तर प्रत्येक लाटेला बूट भरतो आणि पायात बादली घेऊन फिरावं लागतं. अंगठा वेगळा असलेला बूट बोर्डावर उभं राहायला बरा. पाय बधिर झाल्यावर पॉप-अपला, म्हणजे पालथ्यावरून झटकन उभं राहताना, पाऊल नेमकं कुठे पडतंय ते कळत नाही, आणि ‘माझं तंत्रच बिघडलं’ असं वाटणाऱ्यांपैकी अनेकांचे फक्त पाय गारठलेले असतात.

हातमोजे मात्र मी शेवटी घ्यायला सांगतो. इथे बरेच जण उघड्या हाताने सर्फ करतात, कारण मोज्यात पाणी साचलं की मनगट थकतं. बोटं गार पडण्याचं मूळ बहुधा धड गार पडण्यात असतं. गळा बंद केला, डोकं झाकलं, की बोटं आपोआप उशिरा बधिर होतात. तेवढ्याने भागलं नाही तर दीड-दोन मिलिमीटरचे. गार पाण्यात तुमची बोटं पांढरीफटक पडून मग निळसर-लाल होत असतील आणि घरातही फ्रिजमध्ये हात घातल्यावर तसं होत असेल, तर हा रेनॉचा त्रास (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या जास्तच आवळण्याचा) असू शकतो. मोजे विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

डक डाइव्हनंतर कपाळात कळ येते ती टोपीने जवळजवळ थांबते. दिसायला बावळट दिसतं, ऐकू कमी येतं, पण एप्रिलमध्ये टोपीशिवाय जायचं कारण मला दिसत नाही.

कानाचं लोक फार उशिरा मनावर घेतात. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला की कानाच्या नळीतलं हाड वाढू लागतं आणि नळी अरुंद होते. मग पाणी अडकतं, वारंवार संसर्ग होतो, ऐकू कमी येतं. वाढलेलं हाड औषधाने जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. सर्फसाठी मिळणारे कानातले बोळे पहिल्या दिवसापासून वापरा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या जुन्या सर्फरांना विचारून बघा, कितीजणांच्या कानांची शस्त्रक्रिया झाली आहे ते.

बोर्डावरून पाय सटकतोय

गोव्याहून आणलेलं वॅक्स (पकडीसाठी बोर्डावर घासायचं मेण) फेकून द्या, किंवा परत जाणाऱ्याला देऊन टाका. उष्ण पाण्याचं वॅक्स गार पाण्यात दगडासारखं कडक होतं आणि पकड धरत नाही. वेष्टनावर तापमानाचा पल्ला छापलेला असतो, तो पाहून थंड पाण्याचं घ्या. जुना थर पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा लावू नका.

पाण्यात जाण्याआधी आणि आत असताना

उपाशीपोटी सकाळी सहाला पाण्यात उतरून ‘मला थंडी फार वाजते’ म्हणण्यात अर्थ नाही. अंगात ऊब तयार व्हायला इंधन लागतं. तासभर आधी काहीतरी पिठूळ, सोबत शेंगदाण्याचा लाडू, एवढं पुरतं. पार्किंगमध्ये गप्पा मारत अर्धवट सूटमध्ये उभं राहणं टाळा. तिथेच निम्मी ऊब जाते. सूट घरातून निघताना कोरडा असला पाहिजे. शनिवारी वापरलेला ओला सूट रविवारी पहाटे घालणाऱ्याला पाणी गार लागण्याआधी सूटच गार लागतो. गोड्या पाण्याने धुऊन, आधी आतली बाजू बाहेर करून, सावलीत, कमरेत दुमडून वाळत घाला. खांद्यांवर लटकवला तर पाण्याच्या वजनाने गळा आणि खांदे ताणले जातात, आणि मग पुन्हा गळ्यातून पाणी.

आत असताना बसून राहू नका. लाटा येत नसतील तर पॅडल मारत जागा बदलत राहा, हात काखेत धरा.

आणि हो, तो न विचारलेला प्रश्न. गार पाण्यात लघवीला जास्त होते. थंडीने आणि पाण्याच्या दाबाने रक्त शरीराच्या मध्यभागी येतं आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकायला लागतात. सूटमध्येच सगळे करतात, कोणी कबूल करत नाही. मिनिटभर ऊब मिळते, पुढे काही नाही. भाड्याचा सूट असेल तर कृपया नको.

बाहेर कधी यायचं, याची सोपी खूण अशी: अंगठा त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला टेकवा. टेकत नसेल तर पुढची लाट पकडून बाहेर. हुडहुडी थांबतच नसेल, बोलताना जीभ जड होत असेल, किंवा मघाशी थरथरणारा मित्र अचानक शांत होऊन असंबद्ध बोलायला लागला, तर ताबडतोब त्याला बाहेर काढा आणि मदत बोलवा. एकट्याने जाऊ नका, हे त्यासाठीच.

बाहेर आल्यावर जास्त थंडी का वाजते

पाण्यात बरा होतो आणि गाडीपाशी आल्यावर थरथरायला लागलो, हे अनेकजण सांगतात. पाण्याबाहेर आल्यानंतरही काही मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरतच राहतं. बाहेरच्या थरातली थंडी आत सरकत असते. त्यामुळे ‘अजून एक लाट’ हा हिशोब पाण्यातल्या अवस्थेवर करून चालत नाही.

गाडीत काय हवं ते आदल्या रात्रीच ठेवा. पाच लिटरचा कॅन कोमट पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळायचा. ते भरताना बाळाच्या अंघोळीला पाहतो तसं कोपर बुडवून पाहा, कारण बधिर झालेल्या हातांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि कातडी भाजते. हे पाणी सूटमध्ये, बुटात ओतलं की सूट सुटतोही पटकन. डोक्यावरून घालायचा टॉवेलचा झगा, लोकरी टोपी, सैल पँट. हात सुन्न असताना बटणं आणि नाड्या लागत नाहीत. आधी वरचा भाग कोरडा करून कपडे, मग खालचा. थर्मासमध्ये आल्याचा चहा, साखर नेहमीपेक्षा जास्त. बिअर नंतर, घरी. दारूने त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढतो, ऊब आल्यासारखी वाटते आणि उष्णता मात्र निघून जाते.

खरोखर गारठला असाल तर धावत जाऊन कढत शॉवरखाली उभं राहू नका, चक्कर येऊ शकते. थरथर थांबेपर्यंत गाडीही चालवू नका. लिंडा मारला किनाऱ्यावरच टाको बेलचं दुकान आहे, तिथे बसा.

काय, कोणत्या क्रमाने घ्यायचं

आहे तो सूट मापाला बरा असेल तर आधी कानातले बोळे, थंड पाण्याचं वॅक्स आणि गोंदाची ट्यूब. मग टोपीची बंडी. मग बूट. याउपर मार्चअखेरीस वीस मिनिटांत पाठ गार पडत असेल, किंवा तुमची अंगकाठी मुळातच किरकोळ असेल, तर टोपी जोडलेला ५/४ घ्या, आणि तोही आधी भाड्याने घालून पाहून.

जुना सूट विकत घेताना वरून नवा दिसतो की नाही याला महत्त्व नाही. गुडघ्याचं, काखेचं आणि बसण्याच्या जागेचं निओप्रीन चिमटीत दाबून पाहा. आतले बुडबुडे चेपून गेले असतील तर तिथे रबर पातळ आणि ताठर लागतं, आणि असा सूट शिवण कितीही शाबूत असली तरी ऊब देत नाही. लेबलवर ४/३ लिहिलेलं असतं, पण काखेत तो दोनाचाही उरलेला नसतो. मनगट आणि घोट्याच्या कडा ओढून सोडा. लगेच आखडल्या तर ठीक, लोंबत राहिल्या तर भाव पाडा किंवा सोडून द्या.